डिस्चार्ज समरीतील ‘पीव्हीडी’: एका पायाची, एका जखमेची आणि नऊ कोडची कथा

डिस्चार्ज समरीच्या शेवटी निदानांच्या पाच ओळी होत्या : पीव्हीडी (परिधीय रक्तवाहिनी विकार), टाइप टू मधुमेह, डाव्या पायाचा अल्सर, उच्च रक्तदाब, पूर्वी धूम्रपान. पहिल्या कोडरने, म्हणजे निदानांना ठरावीक कोड देणाऱ्या कर्मचाऱ्याने, या पाच ओळींना पाच कोड दिले : आय७३.९, ई११.९, एल९७.५२९, आय१० आणि झेड८७.८९१. प्रत्येक ओळीसमोर एक कोड आला, एकही ओळ रिकामी राहिली नाही आणि फाइल पुढे गेली. वरवर पाहता या कामात काही चुकले असे वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र या पाचपैकी तीन कोड रुग्णाच्या आजाराविषयी काही चुकीचे किंवा अपुरे सांगतात. ते कसे, हे समजण्यासाठी समरीच्या मागे असलेली पूर्ण फाइल वाचावी लागते.

पुढील प्रकरण अभ्यासासाठी रचलेले असून ते कोणत्याही खऱ्या रुग्णाचे नाही, पण त्यातील प्रत्येक वळण कोडिंगच्या रोजच्या कामात भेटते. कोड अमेरिकेतील वैद्यकीय नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या पद्धतीतील आहेत.

फाइलमध्ये काय होते

रुग्ण ६७ वर्षांचे गृहस्थ. मधुमेह अठरा वर्षांपासून, इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू. सिगारेट सोडून सहा वर्षे झालेली. गेली दोन वर्षे चालताना दोन्ही पोटऱ्या भरून येत, थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत बरे वाटे. गेल्या दोन महिन्यांपासून डाव्या पावलात रात्री ठणका लागे आणि पाय पलंगाखाली सोडून बसल्यावर तो कमी होई. पाच आठवड्यांपूर्वी बूट घासून डाव्या अंगठ्याच्या टोकाला लहानशी जखम झाली, ती भरली नाही, उलट खोल गेली, आणि म्हणून त्यांना दाखल करून घेण्यात आले.

दाखल करतानाच्या तपासणीत डाव्या पावलावरची आणि घोट्यामागची नाडी लागत नव्हती. मोनोफिलामेंटने (स्पर्श तपासण्याच्या नायलॉनच्या बारीक धाग्याने) तपासल्यावर दोन्ही तळव्यांची संवेदना कमी आढळली. दंडाचा रक्तदाब १४० मिमी, उजव्या घोट्याचा १२६, डाव्या घोट्याचा १९८, उजव्या अंगठ्याचा ८४ आणि डाव्या अंगठ्याचा २८. डॉप्लर तपासणीच्या अहवालात डाव्या मांडीतील सुपरफिशियल फिमोरल धमनी पूर्ण बंद असून गुडघ्यामागे बाजूच्या वाहिन्यांतून रक्त पुन्हा भरत असल्याचे, तसेच दोन्ही बाजूंच्या धमन्यांच्या भिंतींवर कॅल्शियमयुक्त थर असल्याचे लिहिले होते. चौथ्या दिवशी बंद धमनी तारेने ओलांडून औषधाचा लेप असलेल्या फुग्याने रुंद करण्यात आली. स्टेंट बसवला नाही. जखमेची काळजी घेणाऱ्या परिचारिकेने तिसऱ्या दिवशी नोंदवले होते की व्रणाच्या तळाशी चरबीचा थर दिसतो, स्नायू किंवा हाड दिसत नाही.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण आजार काय आहे हे तेच सांगतात आणि काही आकडे वाचणाऱ्याची दिशाभूलही करतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून जे गुणोत्तर येते त्याला एबीआय म्हणतात. ते १.०० ते १.४० असले तर सर्वसाधारण, ०.९१ ते ०.९९ सीमेवरचे आणि ०.९० किंवा त्याहून कमी असले तर पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याचे मानतात. उजव्या पायाचे गुणोत्तर ०.९० येते. डाव्या पायाचे १.४१ येते, आणि जो फक्त ‘कमी म्हणजे वाईट’ एवढेच लक्षात ठेवतो त्याला वाटेल की डावा पाय उजव्यापेक्षा चांगला आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते, भिंत कडक होते आणि रक्तदाब मोजण्याचा पट्टा ती नळी दाबू शकत नाही, त्यामुळे दाब खोटा वाढलेला दिसतो, म्हणूनच १.४० पेक्षा जास्त आकडा ‘धमनी दाबली जात नाही’ एवढेच सांगतो. अंगठ्याच्या बारीक धमन्यांत हा कडकपणा सहसा कमी असतो, म्हणून अशा वेळी अंगठ्याचा दाब पाहतात. डावीकडे २८ भागिले १४० म्हणजे ०.२०, उजवीकडे ०.६०, हे गुणोत्तर ०.७० पर्यंत किंवा त्याखाली असले की असामान्य समजतात, आणि अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या खाली असला की जखम आपोआप भरण्याची शक्यता फार कमी राहते. डावा पाय धोक्यात होता.

कोडरने निदान करायचे नसते, हे खरे आहे. तरीही हे आकडे कोडरला वाचता आले पाहिजेत असे माझे ठाम मत आहे. ते वाचता आले नाहीत, तर समरीतील ‘पीव्हीडी’ आणि फाइलमधील पाय यांच्यात किती अंतर आहे हे लक्षातच येत नाही, आणि जिथे प्रश्न विचारायला हवा तिथे प्रश्न सुचत नाही.

एका नावाखाली किती आजार

परिधीय रक्तवाहिनी विकार हे नाव फार सैल आहे. शब्दशः पाहिले तर हृदय आणि मेंदू सोडून इतर रक्तवाहिन्यांचा कोणताही विकार त्यात बसू शकतो. बोटे पांढरी-निळी पडणारा रेनॉड सिंड्रोम, तंबाखूशी जोडलेला आणि तुलनेने तरुण वयात दिसणारा बर्गर रोग, धमनीत अचानक अडकलेली गुठळी आणि धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबीचे थर साचवणारा अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस यांची कारणे वेगळी, उपचार वेगळे आणि कोडही वेगळे आहेत : रेनॉडसाठी आय७३.०, बर्गरसाठी आय७३.१, पायाच्या धमनीतील गुठळीसाठी आय७४.३, आणि हातापायांच्या मूळ (म्हणजे शस्त्रक्रियेने न जोडलेल्या, शरीराच्या स्वतःच्या) धमन्यांतील अ‍ॅथेरोस्क्लेरोसिससाठी आय७०.२ हा सगळा गट. डॉक्टर बोलताना ‘पीव्हीडी’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात शेवटचाच आजार असतो. पण कोड मनातल्या आजाराला देता येत नाही, कागदावर लिहिलेल्या आजाराला द्यावा लागतो.

आय७३.९ हा कोड ‘परिधीय रक्तवाहिनी विकार, अनिर्दिष्ट’ असा आहे. कारण न लिहिता नुसते ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’ (चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी पायाची वेदना) लिहिले तर तेही याच कोडमध्ये जाते. मात्र याच कोडखाली वगळण्याची स्पष्ट सूचना आहे : हातापायांचा अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस इथे कोड करू नये. म्हणजे एकाच पायाच्या एकाच आजारासाठी आय७३.९ आणि आय७०.२ एकत्र लावता येत नाहीत. कारण कळले की अनिर्दिष्ट कोड मागे सोडावा लागतो.

आय७०.२ गटाची रचना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती आजाराच्या चढत्या पायऱ्यांप्रमाणे लावलेली आहे. आय७०.२१ मध्ये चालताना येणारी वेदना, आय७०.२२ मध्ये विश्रांतीतही राहणारी वेदना, आय७०.२३ मध्ये उजव्या आणि आय७०.२४ मध्ये डाव्या पायाचा व्रण, आणि आय७०.२६ मध्ये गँग्रीन. फॉन्टेन यांचे वर्गीकरण ज्यांना माहीत आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल : पहिली अवस्था लक्षणांविना, दुसरीत चालताना वेदना, तिसरीत विश्रांतीतील वेदना, चौथीत व्रण किंवा गँग्रीन. कोडच्या सूचनाही हाच क्रम पाळतात. वरच्या पायरीचा कोड खालच्या पायऱ्यांना पोटात घेतो. डाव्या पायाच्या व्रणाचा कोड दिला की त्याच पायाच्या क्लॉडिकेशनचा किंवा रात्रीच्या ठणक्याचा कोड वेगळा द्यायचा नसतो.

मधुमेह आणि ‘सह’ हा शब्द

पहिल्या कोडिंगमधील सर्वांत मोठी चूक माझ्या मते ई११.९ ही होती. या कोडचा अर्थ गुंतागुंत नसलेला टाइप टू मधुमेह असा आहे. त्याच्या शेजारी रक्तवाहिनी विकार आणि पायाचा अल्सर यांचे कोड ठेवणे म्हणजे एकाच पानावर परस्परविरोधी विधाने करणे होय.

अनेक कोडर इथे अडखळतात, कारण डॉक्टरांनी ‘मधुमेहामुळे’ असे लिहिलेले नसते. पण आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत ‘सह’ या शब्दाचा नियम आहे : निर्देशसूचीत मुख्य आजाराखाली ‘सह’ या शब्दाला जोडून जे विकार दिलेले असतात, त्यांचा मुख्य आजाराशी संबंध गृहीत धरावा, डॉक्टरांनी तो संबंध नाही असे स्पष्ट लिहिले असेल किंवा एखाद्या सूचनेने संबंध लेखी दाखवण्याची अट घातली असेल, तरच तो धरू नये. मधुमेहाखाली परिधीय अँजिओपॅथी (हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार) आणि पायाचा अल्सर हे दोन्ही विकार याच रीतीने दिलेले आहेत. म्हणून केवळ ‘मधुमेह’ आणि ‘पीव्हीडी’ असे दोन वेगळे शब्द समरीत असले तरी ई११.५१, म्हणजे गँग्रीनविना मधुमेही परिधीय अँजिओपॅथी, हा कोड लागतो. आणि पायाच्या अल्सरसाठी ई११.६२१ लागतो. हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचीही गरज नव्हती.

पुढचा प्रश्न असा की ई११.५१ दिल्यावर आय७०.२ गटातील कोड वेगळा द्यायचा का. २०१८ मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या अधिकृत कोडिंग सल्ल्यात याचे उत्तर आले. मधुमेही रुग्णाच्या परिधीय धमनी विकारासाठी मधुमेही अँजिओपॅथीचा कोड द्यावा आणि आजाराचे नेमके रूप सांगण्यासाठी आय७०.२ गटातील कोड त्यासोबत जोडावा. ई११.५१ या कोडला बाजू नाही, जागा नाही, तीव्रता नाही; तो एवढेच सांगतो की मधुमेह पायाच्या धमन्यांपर्यंत पोहोचला आहे. पाय डावा की उजवा, वेदना की व्रण, हे सांगायचे काम दुसऱ्या कोडचे आहे.

जिथे कागद गप्प होता

आता अडचण अशी होती की समरीत ‘अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस’ हा शब्द कुठेच नव्हता. तो होता डॉप्लरच्या अहवालात. दाखल रुग्णाच्या बाबतीत केवळ तपासणी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या अहवालावरून निदानाचा कोड देता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते निदान आपल्या नोंदीत स्वीकारलेले असावे लागते. बाह्यरुग्ण विभागातील तपासणीला हा नियम असाच लागू होत नाही, तिथे अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी निश्चित केलेले निदान कोड करता येते. दोन्हीकडची सवय एकमेकींत मिसळली की चुका होतात.

दुसरी शंका अधिक गंभीर होती. दुसऱ्या दिवसाच्या शल्यचिकित्सकांच्या नोंदीत लिहिले होते : ‘अंगठ्याचे टोक काळसर, सुरुवातीचे गँग्रीन?’ हे एक प्रश्नचिन्ह कोडचा सगळा वर्ग बदलू शकत होते. गँग्रीन मान्य झाले तर ई११.५१ ऐवजी ई११.५२ आणि आय७०.२४ ऐवजी आय७०.२६ लागले असते. दाखल रुग्णाच्या बाबतीत ‘संभाव्य’ किंवा ‘शंकास्पद’ निदान निश्चित असल्याप्रमाणे कोड करण्याची मुभा आहे, पण डिस्चार्जच्या वेळीही ते तसेच नोंदवलेले असेल तरच. दुसऱ्या दिवशी उपस्थित झालेली आणि नंतर कुठेही न आलेली शंका त्या मुभेत बसत नाही. ती गाळूनही टाकता येत नव्हती, कारण अंगठ्यावर काळी खपली होती हे परिचारिकेच्या नोंदीतही होते.

आणि तिसरी गोष्ट उजव्या पायाची. क्लॉडिकेशन दोन्ही पोटऱ्यांत असल्याचे इतिहासात लिहिले होते, उजवीकडचे आकडेही असामान्य होते, पण समरीने उजव्या पायाविषयी एक शब्दही लिहिला नव्हता.

डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवले गेले. या प्रश्नांची भाषा फार जपावी लागते : उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही, आणि कोणत्या उत्तराने देयकावर काय परिणाम होईल याचा उल्लेखही करायचा नाही. ‘हे अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस आहे ना?’ असे विचारणे चुकीचे आहे. त्याऐवजी फाइलमधील निष्कर्ष तारखांसह मांडले गेले, म्हणजे नाडी न लागणे, अंगठ्यांचे दाब, डॉप्लरमधील बंद धमनी. आणि विचारले गेले की ‘पीव्हीडी’चे कारण व स्वरूप प्रत्येक पायासाठी स्पष्ट करता येईल का. पर्यायांत अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस, अन्य कारण, आणि ‘सांगता येत नाही’ हे तिन्ही ठेवले होते. काळसर भागाविषयी वेगळा प्रश्न होता.

तीन दिवसांनी पुरवणी नोंद आली. त्यात लिहिले होते की दोन्ही पायांच्या मूळ धमन्यांचा अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस आहे. उजवीकडे क्लॉडिकेशन, डावीकडे विश्रांतीतील वेदना आणि अंगठ्याचा व्रण. डाव्या फिमोरल धमनीत दीर्घकालीन संपूर्ण अडथळा. काळा भाग म्हणजे व्रणावरची कोरडी खपली, गँग्रीन नाही. आणि व्रण मधुमेही पॉलीन्यूरोपॅथी (अनेक मज्जातंतूंचा विकार) व रक्तपुरवठ्याची कमतरता या दोहोंमुळे झालेला आहे.

शेवटचे वाक्य वाचताना रुग्णाची पाच आठवड्यांची कथा जुळते. संवेदना कमी असल्याने बूट घासलेला कळला नाही, आणि रक्त पोहोचत नसल्याने जखम भरली नाही. न्यूरोपॅथी असलेल्या पायात क्लॉडिकेशनची वेदनाही पुष्कळदा दबून राहते, म्हणून काही मधुमेही रुग्ण वेदनेची पायरी कधी चढलेच नाहीत असे वाटते आणि ते थेट व्रण घेऊन येतात.

दुरुस्त केलेले कोड

रुग्णाला मुख्यतः पायाचा रक्तपुरवठा पूर्ववत करण्यासाठी ठेवले गेले आणि उपचारही त्याचाच झाला, म्हणून ई११.५१ हे प्रमुख निदान झाले. त्यामागे आय७०.२४५ आला : डाव्या पायाच्या मूळ धमन्यांचा अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस, पावलाच्या इतर भागाच्या व्रणासह. इथला शेवटचा पाच हा आकडा जागेचा आहे. एक मांडीसाठी, दोन पोटरीसाठी, तीन घोट्यासाठी, चार टाच आणि पावलाच्या मधल्या भागासाठी, आणि बोटे पाचमध्ये येतात. डाव्या पायाच्या रात्रीच्या वेदनेसाठी आय७०.२२२ दिला नाही, कारण तो याच कोडच्या पोटात आहे.

उजव्या पायासाठी आय७०.२११ दिला. ‘दोन्ही पाय’ असे दाखवणारा आय७०.२१३ हाताशी असतो आणि इतिहासात दोन्ही पोटऱ्यांचा उल्लेख असल्याने तो मोहात पाडतो, पण डावा पाय क्लॉडिकेशनच्या पायरीवर थांबलेला नाही. दोन पाय दोन वेगवेगळ्या अवस्थांत असले तर त्यांना दोन वेगळे कोड द्यावे लागतात. संपूर्ण अडथळ्यासाठी आय७०.९२ आला, तो अ‍ॅथेरोस्क्लेरोसिसच्या कोडनंतरच लिहायचा असतो.

व्रणासाठी ई११.६२१ आणि त्याच्यासोबत खोली दाखवणारा एल९७.५२२, म्हणजे डाव्या पावलाच्या इतर भागाचा, चरबीचा थर उघडा पडलेला दीर्घकालीन व्रण. पहिल्या कोडिंगमधला एल९७.५२९ हा खोली अज्ञात असल्याचे सांगत होता, तर खोली फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेली होती, फक्त ती परिचारिकेच्या पानावर होती. व्रणाचे निदान डॉक्टरांचे असले पाहिजे, पण त्याची खोली परिचारिकेच्या नोंदीवरून घेण्यास मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट परवानगी आहे. बरेच कोडर ही पाने उघडतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. पायाच्या जखमेचे सर्वांत बारकाईचे वर्णन पुष्कळदा तिथेच असते. त्याच पानांवर या व्रणाला काही ठिकाणी नुसते ‘वूंड’ म्हटले होते, आणि त्या शब्दावर विसंबून एस९१ गटातील इजेचा कोड दिला असता तर पाच आठवडे न भरलेला इस्केमिक (रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेला) व्रण आकडेवारीत कालची ठेच म्हणून गेला असता.

ई११.४२ पॉलीन्यूरोपॅथीसाठी आला आणि आय१० तसाच राहिला. झेड८७.८९१ ही कायम राहिला, कारण तंबाखूचा पूर्वेतिहास वेगळ्या कोडने दाखवावा अशी सूचना आय७० च्या खालीच आहे. शीर्षकातील नऊ कोड हे झेड८७.८९१ धरून मोजले आहेत. पुढचे दोन पूरक आहेत. इन्सुलिनसाठी झेड७९.४ आणि गोळ्यांसाठी झेड७९.८४ हे दोन्ही दिले गेले. पूर्वी दोन्ही औषधे चालू असली तरी फक्त इन्सुलिनचा कोड द्यायची पद्धत होती. ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही द्यावे लागतात.

प्रक्रियेसाठी आयसीडी-१०-पीसीएसमधील ०४७एल३झेड१ हा कोड लागला. सुपरफिशियल फिमोरल धमनीला या पद्धतीत वेगळी जागा नाही, ती फिमोरल धमनीतच मोजतात आणि ‘एल’ हे अक्षर डावी बाजू दाखवते. फुग्यावर औषधाचा लेप होता, पण फुगा बाहेर काढला जातो, शरीरात काही मागे राहत नाही. म्हणून उपकरणाच्या जागी ‘झेड’ येतो आणि लेपाची माहिती शेवटच्या एकमध्ये जाते. स्टेंट ठेवला असता तर उपकरणाचे अक्षर बदलले असते.

पुढच्या भेटीत

दहा आठवड्यांनी रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आले. डॉक्टरांनी लिहिले की अंगठ्याचा व्रण पूर्ण भरला आहे, डाव्या पायात आता लक्षणे नाहीत, अ‍ॅथेरोस्क्लेरोसिससाठी औषधे व चालण्याचा व्यायाम चालू आहे, उजवीकडचे क्लॉडिकेशन पूर्वीसारखेच आहे. या भेटीत मागची यादी तशीच उतरवणे चुकीचे ठरले असते, कारण व्रण आता नाही. ई११.६२१, एल९७.५२२ आणि आय७०.२४५ हे तिन्ही गेले. ई११.५१ राहिला, कारण फुग्याने एक अडथळा उघडतो, आजार जात नाही. डाव्या पायासाठी आय७०.२०२, उजव्यासाठी पुन्हा आय७०.२११, भरून आलेल्या मधुमेही पायाच्या व्रणाचा पूर्वेतिहास म्हणून झेड८६.३१, आणि स्टेंटविना केलेल्या अँजिओप्लास्टीची स्थिती दाखवण्यासाठी झेड९८.६२ लिहिला गेला.